सरका भाऊजी

मी दहावी शिकलेला माणूस. रुमणं धरायची सवय असलेल्या हातात माउस यायला साठी उलटावी लागली. गावच्या वाचनालयात दोन जुने संगणक आले अन् कितीतरी दिवस कापडाखाली झाकून पडले. ग्रंथपालाच्या पोरानं मला शिकवलं अन् मग मीच थोरामोठ्यांचा मास्तर झालो. धारा काढून झाल्या की वर्ग भरायचा.

मोठ्या माणसाला आधी लाज सोडायला शिकवावं लागतं. "बिघडलं तर?" ही पहिली धास्ती. मी म्हणायचो, "बैल बुजतो, हे बुजत नाही." मग सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर ज्याचा त्याचा सातबारा उघडायचा. जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर. पडद्यावर आपलं नाव दिसलं की माणूस खुर्ची पुढं ओढायचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. पिकाची नोंद शेतात उभं राहून, फोटो काढून आपणच मोबाइलवर करायची. तवा तर गर्दीच झाली. दसरा-दिवाळीनंतर आमची माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जाणार, त्याआधी खरिपाची नोंद व्हायला पाहिजे.

त्यात शेजारची वहिनी यायची. अंगठेबहाद्दर नव्हे, चौथी शिकलेली. एका बोटानं अक्षरं शोधत तिनं आपलं नाव टाइप केलं. पाऊण तास लागला. मग म्हणाली, "आता मह्या रानाचा सातबारा काढा."

गट नंबर तिला पाठ होता. सातबारा निघाला. वर नवरा, खाली दीर. नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झालेली. तिनं पडद्यावर दोनदा बोट फिरवलं.

"कामून वो भाऊजी, महं नाव नाही?"

मला बोलता येईना. त्याच्या तेराव्याला मी जेवलो होतो. वारस नोंद झाली नाही हे मला ठाऊक होतं. भावकीच्या भानगडीत कशाला पडा, म्हणून गप्प बसलो होतो. सगळा गावच गप्प होता.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत मृत्यूचा दाखला घेऊन तलाठ्याकडं गेलो. दीर महिनाभर माझ्याशी बोलला नाही. फेरफार व्हायला वेळ लागला, पण झाला. तिचं अन् लेकरांची नावं लागली.

त्या संध्याकाळी ती पंधरा रुपये घेऊन आली, डिजिटल सहीचा उतारा काढायला. मी सवयीनं माउसला हात घातला.

"सरका भाऊजी," ती म्हणाली, "मी काढते."