कोणते शहर चांगले? आमच्या घरचा गुणतक्ता

वर्तमानपत्रात अधूनमधून एक यादी छापून येते. देशात, कधी जगात, राहायला सर्वांत चांगले शहर कोणते याची ती यादी. पहिल्या आलेल्या शहराचा रंगीत फोटो येतो, तेथल्या पुढाऱ्यांचे हसरे चेहरे येतात आणि दोन दिवस चहाच्या टपरीवर वाद रंगतो. आम्ही राहतो नागापूरला. नगर शहराच्या कडेला, मनमाड रस्त्यावर, औद्योगिक वसाहतीच्या शेजारी. (नगरचे अहिल्यानगर २०२४ साली झाले, पण तोंडात अजून नगरच येते.) पाळी सुटली की आमच्या टपरीवरही हा वाद होतो.

केंद्र सरकारने अशी यादी २०१८ साली जाहीर केली, तेव्हा देशात पुणे पहिले आले. नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी आणि ठाणे सहावे. पुढची यादी मार्च २०२१ मध्ये आली. त्या वेळी मोठ्या शहरांत बंगळूर पहिले आणि पुणे दुसरे होते. पुण्याला शंभरपैकी ६६.२७ गुण मिळाले. मग आमचे नगर कितवे? वरून खाली आणि खालून वर शोधले, नाव नाही. यादी १११ शहरांचीच होती. प्रामुख्याने स्मार्ट सिटी योजनेतली आणि दहा लाखांवर लोकवस्तीची शहरे तीत घेतली होती. म्हणजे नगर नापास झाले असे नाही. नगरला परीक्षेलाच बसवले नव्हते.

एरवी आम्ही हा विषय टपरीवरच सोडून घरी आलो असतो. पण यंदा तो आमच्या घरात शिरला. थोरली मुलगी पुण्यात नोकरीला लागून दोन वर्षे झाली. "पप्पा, नागापूरचं घर विका आणि सगळेच पुण्याला या," असा तिचा आग्रह आहे. धाकटा नववीत आहे. आई थकलेली आहे. आमची नोकरी इथल्याच एका कारखान्याच्या कचेरीत लेखनिकाची. घर म्हणजे एका गुंठ्यातल्या दोन खोल्या, त्याही पतपेढीचे कर्ज फेडून आपल्या केलेल्या. तेव्हा कोणते शहर चांगले हा प्रश्न आमच्यासाठी गप्पांचा उरला नाही.

आम्ही बी. कॉम. झालेलो. जन्म हिशेबाच्या वह्यांत गेला. बेरीज बरोबर आहे की नाही हे नंतर बघायचे. आधी खाती कोणती उघडली आहेत ते बघायचे, एवढे त्या वह्यांनी शिकवले. जगातल्या १७३ शहरांची एक प्रसिद्ध यादी लंडनच्या 'इकॉनॉमिस्ट' समूहाची संस्था काढते. त्यात स्थैर्याला शंभरातले २५ भाग, संस्कृती आणि पर्यावरणाला २५, आरोग्याला २०, रस्ते-पाणी-वाहतुकीला २० आणि शिक्षणाला १० असे वजन आहे. मोठ्या कंपन्या आपले साहेब परदेशी पाठवतात, तेव्हा अवघड शहरात राहण्याबद्दल त्यांना किती जादा भत्ता द्यायचा, हे ठरवायलाही या यादीचा उपयोग होत आला आहे. पाहुण्या साहेबाची सोय मोजणे यात गैर काही नाही. पण त्या साहेबाच्या घरी धुणीभांडी करणारी बाई त्याच शहरात राहते आणि तिच्या नावाचे खाते त्या वहीत नाही.

दुसरी गोष्ट, विचारले कधी? २०२१ च्या आपल्या सरकारी यादीत नागरिकांच्या मताला शेकडा ३० गुण होते. १११ शहरांतल्या ३२ लाखांवर लोकांची मते घेतली, ती १६ जानेवारी ते २० मार्च २०२० या काळात. त्यानंतर पाचच दिवसांनी देशभर टाळेबंदी लागली आणि त्याच शहरांतून लाखो मजूर बायकापोरांसह पायी गावाकडे निघाले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे मध्य प्रदेशचे १६ मजूर चालून थकले आणि औरंगाबादजवळ करमाडच्या हद्दीत रुळांवरच झोपले. ८ मे २०२० च्या पहाटे त्यांच्या अंगावरून मालगाडी गेली. शहर आपल्याला धरून ठेवते की वाईट दिवसांत बाहेर टाकते, हा प्रश्न तेव्हा विचारला असता तर किती शहरे पास झाली असती?

मात्र अशा याद्या सगळ्याच टाकाऊ असतात असेही नाही. वर सांगितलेल्या जागतिक यादीत ऑस्ट्रिया देशाची राजधानी व्हिएन्ना २०२२, २०२३ आणि २०२४ अशी तीन वर्षे पहिली आली. २०२५ साली कोपनहेगन पहिले आले, तरी व्हिएन्ना दुसऱ्या क्रमांकावर होतेच. याचे एक मोठे कारण शंभर वर्षांपूर्वीचे आहे. पहिल्या महायुद्धानंतर तेथल्या नगरपालिकेने श्रीमंतांवर जादा कर बसवला आणि कामगारांसाठी साठ हजारांच्या आसपास घरे बांधली. १९३० साली खुल्या झालेल्या एका वसाहतीला तर कार्ल मार्क्स यांचेच नाव दिले. ती एक किलोमीटरहून लांब आहे. तिच्यात १,३८२ घरे, सार्वजनिक धुलाईघरे, बालवाड्या, दवाखाना आणि वाचनालय होते. आजही त्या शहरातले जवळजवळ निम्मे लोक पालिकेच्या किंवा अनुदानाच्या घरांत राहतात. म्हणजे पहिला नंबर नुसत्या बागांनी आणि राजवाड्यांनी आलेला नाही. कामगाराला डोक्यावर छप्पर मिळाले, म्हणूनही आला.

तेव्हा आम्ही ठरवले की आपला तक्ता आपणच करायचा. एका रविवारी मुलगी आली होती. जेवणे झाल्यावर जुन्या लेजरचे कोरे पान घेतले आणि पाच खाती पाडली: राहायला खोली, पाणी, रात्रीची वाट, बिनपैशाचा रविवार आणि अडीअडचण. प्रत्येकाला दहा गुण, एकूण पन्नास. धाकट्याने मैदान जवळ आहे म्हणून सगळीकडे दहा दिले. त्याचे गुण बाद धरले.

पहिले खाते खोलीचे. लग्नानंतर आम्ही शहरातल्या एका चांगल्या वस्तीत खोली पाहिली होती. खोली पसंत पडली, भाडे ठरले, डिपॉझिटचे पैसे खिशात होते. घरमालकांनी विचारले, "मूळ गाव कोणतं? आणि आडनाव?" आम्ही सांगितले. "मंडळींना विचारून कळवतो," म्हणाले. ते कळवणे आजतागायत राहून गेले आहे. असे तीन ठिकाणी झाले. शेवटी नागापुरात आमच्याबरोबर काम करणाऱ्या एका गृहस्थांनी खोली दिली. ते आपल्या समाजाचे नव्हते. "भाडं वेळेवर द्या म्हणजे झालं," एवढीच त्यांची अट. म्हणून या खात्यात आम्ही नागापूरला आठ दिले. मुलीने पुण्याला दोन दिले. यादीत दुसऱ्या आलेल्या त्या शहरात तिलाही फोनवर आधी आडनाव विचारले, मग "शाकाहारी ना?" असे विचारले. चार ठिकाणी नकार आला. आता ती एका खोलीत चार मुली अशी कॉट बेसिसवर राहते.

वाचकहो, हे खाते आपल्यासाठी नवे नाही. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या बाबासाहेबांना बडोदे शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी काढले ते कामाठी बागेत. सयाजीरावांचे बडोदे त्या काळी देशातले पुढारलेले शहर होते. शाळा, ग्रंथालये, रस्ते, सगळे काही होते. आजच्यासारखी यादी तेव्हा निघाली असती तर बडोद्याचा नंबर वर लागला असता. पण त्या दिवशी त्या शहरात बाबासाहेबांना बसू देणारी जागा एकच निघाली, सार्वजनिक बाग. आमच्या तक्त्यात चौथे खाते बिनपैशाच्या रविवारचे आहे ते यासाठीच. जिथे तिकीट नाही, आडनाव नाही, नुसते जाऊन बसता येते, अशी जागा ज्या शहरात जास्त ते शहर गरिबाला जास्त आपले.

या खात्यात नगरजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे. शहर १४९० साली अहमद निजामशहाने वसवले. भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात नेहरू आणि त्यांचे सहकारी कैदेत होते. शहा डोंगरावर चांदबिबीचा महाल आहे. लोक महाल म्हणतात, पण ती सलाबतखानाची कबर आहे. तिथला वारा खाल्ला की रविवार सार्थकी लागतो. रणगाड्यांचे संग्रहालय १९९४ पासून आहे, बाहेरगावचे पाहुणे ते आवर्जून पाहतात. याच नगरात मिस फरार यांच्या शाळेत सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले, ही गोष्ट मात्र पाहुण्याला सांगणारा क्वचित भेटतो. पण हे सगळे शहरात आणि शहरापलीकडे. नागापुरातून चौघांनी जायचे तर दोन ठिकाणी रिक्षा बदला, येताना पोरांना भेळ घ्या, की पाचशेची नोट मोडली. मुलांच्या आईने म्हणून चार दिले. चार दिवस बघायला येणाऱ्याचे शहर वेगळे आणि तिथेच पगार पुरवणाऱ्याचे वेगळे.

पाण्याच्या खात्यात घरात भांडणच झाले. मुलांच्या आईने चार दिले. नळ येण्याच्या दिवशी तिला कुठे जाता येत नाही. पिंप, हंडे, टाकी भरेपर्यंत तिचा दिवस त्या तोटीला बांधलेला. आमच्या आईने मात्र दहापैकी दहा दिले. ती पाथर्डी तालुक्यातल्या खेड्यातली. विहिरीवर कोणी वरून ओतेल तेव्हा घागर भरायची, असे दिवस तिने पाहिले आहेत. ती म्हणाली, "हितं नळ दारात हाय अन् तोटी आपल्या हातानं सोडायची. अजून काय पाहिजे?" ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावले होते. ते भाषण आईने वाचलेले नाही, पण तिचे दहा गुण त्याच अनुभवातून आलेले आहेत.

रात्रीच्या वाटेला मुलीने नागापूरला दोन आणि पुण्याला आठ दिले. "तिथं रात्री दहाला एकटी खोलीवर येते. रस्त्यावर दिवे असतात, बायका असतात. इथं सातनंतर पप्पा फाट्यावर घ्यायला येणार," ती म्हणाली. आम्हाला उत्तर सुचले नाही. कारखान्यांच्या भिंतींमधला तो रस्ता पाळी सुटल्यावर अर्धा तास गजबजतो, नंतर सुना पडतो.

अडीअडचणीत मात्र पुण्याला तिने तीनच दिले, नागापूरला सात. टाळेबंदीत आमच्या गल्लीने चूल विझलेली एकही खोली राहू दिली नव्हती. उत्तर प्रदेश-बिहारकडच्या पोरांनाही पिठाची पिशवी पोचवली होती. ते तिने पाहिले आहे.

आता बेरीज. नागापूरला आईचे ४३, आमचे ३५, मुलांच्या आईचे २८, मुलीचे २२. एकूण १२८, सरासरी ३२, म्हणजे शेकडा ६४. पुण्याच्या सरकारी ६६.२७ च्या जवळ आलो म्हणून धाकटा खूश झाला. पण पन्नासपैकी ३२ गुण घरात कोणीच दिलेले नव्हते. ४३ वाली म्हातारी आणि २२ वाली मुलगी, दोघी त्या सरासरीत दिसेनाशा झाल्या होत्या. मुलीचे पुण्याचे गुणही २८ च भरले. तरी तिला राहायचे तिथेच आहे, कारण तिचे सगळ्यात मोठे खाते रात्रीच्या वाटेचे आहे. आणि आईचे पाण्याचे. दोघीही बरोबर आहेत.

घर विकायचे नाही, एवढे ठरले. धाकट्याची दहावी होईपर्यंत इथेच राहायचे. मुलगी पुण्यात राहील आणि चांगल्या खोलीच्या शोधात राहील. ती खोली तिला आडनावासकट मिळावी अशी आमची इच्छा आहे, आडनाव लपवून नव्हे.

तिच्या त्या दोन गुणांचे काय करायचे, यावर पुढच्या रविवारी विहारात बोलणे झाले. गल्लीतल्या बायकांनी कोणत्या खांबावर दिवा नाही ते स्वतः चालून मोजले आणि खांबांच्या क्रमांकांसह अर्ज लिहिला. सह्या जमवणे चालू आहे.

आपणही घरी असा तक्ता करून पाहावा. खाती आपापल्या गरजेची पाडावीत. मात्र एक पथ्य पाळावे: गुण आधी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारावेत, मग सर्वांत तरुण मुलीला, आणि घरच्या कर्त्या पुरुषाने आपला आकडा शेवटी लिहावा. सरासरी काढली नाही तरी चालेल. सर्वांत कमी गुण कोणत्या खात्यात पडले ते पाहावे आणि अर्ज तिथून लिहायला घ्यावा.