पत्री सरकार : थोडं वाचलेलं, थोडं ऐकलेलं

गेले दोन महिने एकाच विषयावरची पुस्तकं वाचतेय. विषय तसा घरचाच, साताऱ्याचं प्रतिसरकार. घरचा अशासाठी की आम्ही विट्याचे. आज विटा सांगली जिल्ह्यात असलं तरी १९४२ मध्ये ते सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे पुस्तकात 'सातारा' वाचलं की आमच्याकडच्या मुलांना ते लांबचं काहीतरी वाटतं. खरं तर कुंडल, देवराष्ट्रे, शेणोली ही सगळी आमच्या पै-पाहुण्यांची गावं!

सुरुवात यशवंतराव चव्हाणांच्या 'कृष्णाकाठ'ने केली. पूर्वी वाचलं होतं, पण आता देवराष्ट्राचं वर्णन वाचताना मजा आली. यशवंतरावांचं ते आजोळ, जन्मही तिथलाच. १९४६ पर्यंतची हकीकत त्यात आहे. भाषा शांत, कुणावर राग नाही. भूमिगत दिवसांबद्दलही ते इतकं सावकाश सांगतात की त्यातली जोखीम आपल्यालाच आठवून घ्यावी लागते.

त्यानंतर कुंडलच्या जी. डी. बापू लाडांच्या आठवणी. इथे वेग एकदम वाढतो. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडवली, ती बापू आणि कॅप्टन भाऊ यांच्या नेतृत्वाखाली. त्याला कुणी 'लूट' म्हटलेलं कॅप्टन भाऊंना अजिबात चालत नसे. लोकांचेच पैसे होते, ते लोकांकडे परत आणले, असं त्यांचं म्हणणं.

मला मात्र धाडसापेक्षा कारभारात जास्त रस वाटला. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या या सरकारने १९४३ ते १९४६ या काळात सुमारे ६०० गावांत आपला अंमल चालवला. गावातले तंटे गावातच मिटवले, सावकार आणि दरोडेखोरांना वठणीवर आणलं, कमी खर्चातली गांधी पद्धतीची लग्नं लावली. 'पत्री' या नावाबद्दल लहानपणी ऐकलेलं भयंकर होतं. गुन्हेगाराच्या पायाला बैलासारखे पत्रे ठोकतात म्हणे! पुस्तकांत दिसतात ते तळपायावरचे काठीचे फटके. तेही काही कमी नाहीत. रात्री भरलेल्या त्या न्यायासनासमोर उभ्या राहिलेल्या माणसाची बाजू कुणी किती ऐकली असेल, हा प्रश्न वाचताना मनातून जात नाही. फटके खाल्लेल्याने लिहिलेलं पुस्तक मला अजून सापडलेलं नाही.

शेवटी पी. साईनाथ यांचं २०२२ मध्ये आलेलं 'द लास्ट हीरोज' वाचलं. त्यात आमच्या विट्याच्या हौसाताई पाटील आहेत, नाना पाटलांची मुलगी. पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या भांडणाचं नाटक करायचं, पोलीस सोडवायला बाहेर आले की बाकीच्यांनी आतली हत्यारं पळवायची! हौसाताईंची तक्रार एवढीच, की नाटकातल्या नवऱ्याने जरा जास्तच खरं मारलं. २०२१ मध्ये त्या गेल्या आणि २०२२ मध्ये कॅप्टन भाऊही.

पण या पुस्तकातली मला सगळ्यात लागलेली बाई विट्याची नाही, बंगालमधल्या पुरुलियाची आहे. भवानी महातो. स्वातंत्र्यलढ्याशी माझा काय संबंध, असं त्या साईनाथना सांगतात. लढला तो माझा नवरा. मी फक्त शेती केली आणि रानात लपलेल्या वीस-वीस माणसांचा स्वयंपाक केला.

हे वाचलं आणि पुस्तक मिटून बसले, कारण हे वाक्य मी ऐकलेलं होतं. माझी आजी, आईची आई, हेच म्हणायची. "आमी काय केलंय? भाकऱ्या तर थापल्या." रात्री निरोप यायचा. माणसांची नावं विचारायची नाहीत, आकडा तेवढा कळायचा. जात्यावर जोंधळा दळायचा, भाकऱ्या पाटीत घालून वर वैरण टाकायची आणि उजाडायच्या आत उसाच्या फडात पोचवायच्या. ते लढाईचे, धान्याच्या टंचाईचे दिवस. मग घरात काय खायचात, असं विचारलं तर म्हणायची, "त्या दिशी कण्या."

मागे घरात हा विषय निघाला तेव्हा मामा म्हणाला, कागद कुठाय? त्याचंही चूक नाही. केंद्र सरकारच्या पेन्शनसाठी साधारण सहा महिने तुरुंगवास किंवा तितकाच काळ भूमिगत असल्याचा पुरावा लागायचा, बायकांना तीन महिने. आजी तुरुंगात गेली नाही आणि भूमिगतही झाली नाही. ती चुलीपुढेच होती, म्हणून तर पोलिसांना दिसली नाही. पण जे पोलिसांना दिसलं नाही ते इतिहासालाही दिसलं नाही, त्याचं काय? सहाशे गावांत लपणाऱ्यांना कुणीतरी रोज जेवायला घातलंच असेल ना? त्या भाकऱ्यांचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

आजीला मी स्वातंत्र्यसैनिक म्हणावं असा माझा हट्ट नाही, तिलाच तो शब्द जड झाला असता. पण तिच्या कण्यांची गोष्ट या चार पुस्तकांच्या शेजारी ठेवावी एवढं मात्र वाटतं.

असो. आपली अर्धी भावकी गलाईच्या धंद्यापायी देशभर पसरलीय, तरी प्रत्येकाच्या घरी नव्वदीच्या आसपासची एखादी आत्या, एखादी मावशी अजून आहे. तिला 'तुम्ही लढ्यात होता का' असं विचारू नका, ती नाहीच म्हणेल. भाकऱ्या किती थापायच्या, जोंधळा कुणाच्या घरचा, आणि त्या रात्री सगळ्यात शेवटी कोण जेवलं, एवढंच विचारा. आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा.