कांगेयम: खोबरेलाची चव जिथे उन्हात ठरते

कोइम्बतूरहून करूरकडे जाणारा रस्ता धरलात, तर पल्लडमनंतर कांगेयम लागतं. तमिळनाडूच्या तिरुप्पूर जिल्ह्यातलं हे गाव बहुतेकांना माहीत असतं ते बैलांमुळे. पण उन्हाळ्यात इथे आलात तर आधी नजरेत भरतात ती खळी. मोठमोठ्या मोकळ्या अंगणांत फोडलेल्या नारळाच्या वाट्या उताण्या मांडलेल्या, लांबवर पांढऱ्याशुभ्र. हवेत ओल्या नारळाचा गोडसर वास.

आता तुम्ही म्हणाल, नारळाचा प्रदेश तर केरळ! मग ही गर्दी इथे का? कारण साधं आहे: ऊन. पश्चिम घाटाच्या पलीकडे धो धो पाऊस पडतो, तर हा कोंगू प्रदेश पर्जन्यछायेत, कोरडा. म्हणून केरळातले नारळही वाळायला इथे येतात.

खळ्यावर काय घडतं?

पिकलेल्या नारळाच्या ओल्या खोबऱ्यात जवळपास निम्मं पाणी असतं. ते साधारण ६ टक्क्यांवर आणायचं, एवढंच इथलं काम. ऐकायला सोपं, करायला चिकाटीचं. दोन-तीन दिवसांच्या उन्हात खोबरं आक्रसून करवंटीपासून सुटतं. मग ते काढून पुन्हा वाळत घालायचं. चांगलं ऊन असेल तर आठवडाभरात ते खडखडीत होतं. ढग आले, की झाकायची धावपळ!

एवढी धडपड कशासाठी? ओल राहिली की खोबऱ्याला बुरशी लागते. काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. त्याचा बराचसा भाग पेंडीत राहतो, पण थोडा तेलातही उतरू शकतो. शिवाय ओलीमुळे तेलातली मेदाम्लं सुटी होतात आणि तेल लवकर खवट होतं. पावसाळ्यात कोकणातल्या घरात खोबऱ्याच्या वाटीवर चढलेला बुरा तुम्ही पाहिला असेल, तर हे वेगळं सांगायला नको.

घाई केली तर?

ऊन नसेल तिथे खोबरं आगीवर वाळवतात. थेट धुरावर वाळवलं तर ते पिवळट पडतं, तेलाला धुराचा वास येतो आणि धुरातली घातक द्रव्यंही त्यात जातात. काही ठिकाणी खोबरं पांढरं दिसावं आणि बुरशी लागू नये म्हणून गंधकाची धुरी देतात. यावर चांगला मार्गही आहे. कासरगोडच्या केंद्रीय रोपण पीक संशोधन संस्थेने करवंट्या जाळून चालणारे ड्रायर तयार केले आहेत. त्यांत धूर चिमणीतून बाहेर जातो आणि खोबऱ्याला फक्त गरम हवा लागते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कारखान्यात तेल रिफाइन करताना वास, रंग, सुटी मेदाम्लं काढून टाकता येतात. लाकडी घाण्याच्या तेलाला ती सोय नाही. ते फक्त निवळतं आणि गाळलं जातं. म्हणजे खोबरं चांगलं असेल तर त्याचा सुगंध बाटलीत येतो, आणि वाईट असेल तर तेही तसंच येतं. घाणा लाकडाचा आहे, एवढ्यावर तेल चांगलं ठरत नाही.

इतर तेलबियांचंही असंच. शेंगदाणे भाजून गाळले तर तेल खमंग लागतं. मोहरी मात्र आधी जास्त तापवली, तर तेलात झणकाच येत नाही. तो झणका दाणा चिरडून त्याला पाणी लागल्यावर तयार होतो, आणि तो तयार करणारं एन्झाइम उष्णतेने निकामी होतं.

जायचं असेल तर

तिरुप्पूर रेल्वे स्टेशनपासून कांगेयम सुमारे २५-३० किलोमीटर आहे. फेब्रुवारी ते मे या काळात खळी भरलेली दिसतील. ऊन कडक असतं, टोपी आणि पाणी जवळ ठेवा. आत जाण्याआधी खळ्याच्या मालकांना विचारा. जवळच शिवन्मलै टेकडीवर मुरुगनाचं देऊळ आहे, तेही बघून या.

आणि जाणं जमलं नाही, तरी पुढच्या वेळी घाण्यावर तेल घ्यायला गेलात की आधी खोबरं बघायला मागा. वाटी कटकन मोडते का? आत काळे-हिरवे डाग आहेत का? धुराचा वास येतो का? मग विचारा, "हे वाळवलं कसं?" नीट वाळवणारा माणूस हे आनंदाने सांगेल.