डोळा आधी कुठे गेला?

‘मस्त!’ या शब्दाने मला फोटोग्राफीतलं आजवर काहीही शिकवलेलं नाही. ‘कडक’, ‘भारी’ आणि ज्वाळांच्या तीन इमोजींनीही नाही. कौतुक मलाही आवडतं. पण ते फोटोबद्दल फारसं काही सांगत नाही. बघणारा क्षणभर थांबला आणि पुढे गेला, एवढंच त्यातून कळतं.

डोंगर-दऱ्यांचे फोटो काढणाऱ्याची यात जास्त पंचाईत होते. माणसाचा फोटो असेल तर तो माणूस स्वतःच सांगतो, ‘मी असा दिसत नाही हं.’ दरी तक्रार करत नाही. शिवाय आपण तीन तास चढून तिथे पोचलेलो असतो. घाम, वारा, कारवीचा वास, मित्राने दिलेला अर्धा पराठा हे सगळं आपल्याला त्या फोटोत दिसत असतं. बघणाऱ्याच्या हातात मात्र फक्त एक चौकट असते. आपल्याला दिसणाऱ्या फोटोतला निम्मा फोटो आपल्या आठवणीत असतो, आणि आठवण काही फाइलसोबत जात नाही.

हे अंतर कुणीतरी दुसऱ्यानेच दाखवावं लागतं. आम्हा पाच जणांसाठी ते काम काकांनी केलं.

काका म्हणजे आमच्यातल्या एका मैत्रिणीचे काका. कोल्हापुरात त्यांचा स्टुडिओ होता. लग्नं, मुंज, पासपोर्ट साइज, सगळं. आता ते पुण्यात पुतणीकडे असतात. आम्ही ट्रेकचे फोटो टीव्हीवर लावून एकमेकांना ‘कडक’ म्हणत होतो, तेव्हा ते चहाचा कप घेऊन मागे उभे होते. म्हणाले, “बाळांनो, फोटो असे पळवू नका. एकच छापून आणा. मग बोलू.”

तेव्हापासून महिन्यातल्या एका रविवारी आम्ही जमतो. प्रत्येकाने एकच फोटो आणायचा, तोही आठ बाय बारा इंचांवर छापलेला. ज्याचा फोटो त्याने पहिली दहा मिनिटं तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी ‘चांगला’ आणि ‘वाईट’ हे शब्द वापरायचे नाहीत. तीनच प्रश्नांची उत्तरं द्यायची : डोळा आधी कुठे गेला? नंतर कुठे गेला? आणि फोटोतून बाहेर कुठून पडला?

ऐकायला पोरखेळ वाटतो. पण स्वतःच्या फोटोबद्दल चार माणसं बोलत असताना दहा मिनिटं गप्प बसून बघा. ‘अरे, तिथे तो ढग येणार होता’, ‘पाय ठेवायला जागा नव्हती’ हे सगळं गिळावं लागतं. आणि चौघांचेही डोळे जर डाव्या कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या निळ्या ताडपत्रीवर गेले असतील, तर तुमचा सूर्यास्त कितीही सुंदर असो, तो फोटो ताडपत्रीचा आहे. यात कुणाच्या आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. चार डोळ्यांची साक्ष आहे.

एका मित्राने हरिश्चंद्रगडावरचा कोकणकडा आणला होता. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना माहीत आहे, काठाशी गेलं की पोटात गोळा येतो. लोक तिथे पालथे झोपून, सरपटत पुढे जाऊन खाली बघतात. छापलेल्या फोटोत मात्र कडा एखाद्या ओट्याच्या कडेसारखा दिसत होता. डोळा आधी आकाशात गेला, नंतरही आकाशातच राहिला. कारण साधं होतं. फोनच्या ०.५ लेन्समध्ये खूप काही मावतं, पण लांबचं सगळं आणखी लांब आणि लहान होतं. जवळचा दगड मोठा, अजस्र कडा बारका. बोलायची परवानगी मिळाल्यावर मित्र म्हणाला, “मला भीती दाखवायची होती.” मग त्याच्याच फोनमध्ये शोधलं, तर त्याच संध्याकाळची दुसरी फ्रेम निघाली : थोडी झूम केलेली, काठावर पालथी पडलेली दोन माणसं, मुंगीएवढी, आणि त्यांच्याखाली नुसती सावली. पोटात गोळा आला. कड्याची उंची त्या दोन माणसांनी सांगितली होती.

दुसरा एक फोटो दुपारी दोनचा होता. राजगडाच्या वाटेवरून दिसणारी डोंगररांग. सह्याद्रीचा मोठा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झाला. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. ‘डेक्कन ट्रॅप’मधला ‘ट्रॅप’ हा शब्दही जिन्याच्या पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आलाय. पण सूर्य डोक्यावर असला की प्रत्येक पायरीची सावली तिच्या पायाशीच विरते आणि डोंगर मातीच्या ढिगासारखा सपाट दिसतो. तोच डोंगर सकाळी सात वाजता बघा. उजेड आडवा येतो, प्रत्येक थर वेगळा उठून दिसतो. आम्ही लॅपटॉपवर कॉन्ट्रास्ट वाढवून पाहिला, सगळ्या पट्ट्या ओढून पाहिल्या. काका म्हणाले, “जी सावली पडलीच नाही ती एडिटिंगमध्ये कुठून आणणार? परत जा.” मैत्रीण पुढच्या महिन्यात परत गेली. कुठला फोटो टेबलावर सुधारेल आणि कुठल्यासाठी पुन्हा बूट घालावे लागतील, हे कळणं हाही शिकण्याचा भाग आहे.

आता एडिटिंगबद्दल. ‘नो फिल्टर’ असं अभिमानाने लिहिणारे आमच्यातही होते. काकांना त्याचं फार हसू यायचं. डार्करूममध्ये एन्लार्जरच्या उजेडाखाली कागद असताना ते हाताचा पंजा किंवा तारेला चिकटवलेला पुठ्ठ्याचा तुकडा मध्ये धरायचे. जिथे उजेड अडवला तो भाग छापात उजळ राहतो, जिथे जास्त वेळ पडू दिला तो गडद होतो. हेच ते डॉजिंग आणि बर्निंग. “नवरीचा चेहरा उजळ आणि मागचा मांडव गडद, हे काय आपोआप व्हायचं?” असं ते विचारतात.

आणि ही गोष्ट केवळ लग्नाच्या अल्बमची नाही. गुस्ताव्ह ले ग्रे या फ्रेंच फोटोग्राफरने १८५६-५७ मध्ये समुद्राचे फोटो काढले. तेव्हाच्या निगेटिव्हवर समुद्र नीट आला की आकाश पांढरंफट्ट व्हायचं. त्याने काही फोटोंसाठी आकाशाची एक आणि समुद्राची एक अशा दोन निगेटिव्ह वापरून एकच चित्र छापलं. तुमचा फोन एचडीआरमध्ये बटण दाबल्याक्षणी अनेक फ्रेम एकत्र करून जवळपास हेच करतो. म्हणजे ‘नो फिल्टर’ फोटोही कुणीतरी एडिट केलेलाच असतो. फक्त तो निर्णय तुमच्याऐवजी फोन बनवणाऱ्यांनी घेतलेला असतो.

ॲन्सेल ॲडम्सचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. १९४१ साली त्याने न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ या वस्तीवर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला. तो अतिशय प्रसिद्ध झाला. एकाच निगेटिव्हवरून तो पुढे अनेक वर्षं प्रिंट काढत राहिला. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश करडं आहे, त्यात पुसट ढग आहेत. नंतरच्या प्रिंटमध्ये तेच आकाश जवळजवळ काळंभोर झालंय आणि स्मशानातले पांढरे क्रूस त्यापुढे चमकतायत. ॲडम्स मुळात पियानो शिकलेला माणूस. निगेटिव्ह ही स्वरलिपी आणि प्रिंट हे तिचं वादन, असं तो मानायचा. आपल्याकडे याचं फार आश्चर्य वाटायला नको. बंदिश तीच असते, पण गायक विशीत आणि साठीत ती सारखी गात नाही.

मग पट्टी किती ओढायची? इथे पुन्हा तेच तीन प्रश्न कामी येतात. पावसाळ्यातल्या एका धुक्याच्या फोटोवर ‘डिहेझ’ ओढल्याबरोबर मागचा सुळका लख्ख दिसू लागला. सगळे खूश. पण डोळा आता थेट सुळक्यावर जाऊन आपटत होता. आधी तो झाडावरून धुक्यात आणि धुक्यातून हळूच सुळक्यापर्यंत जायचा. त्या फोटोचा विषयच ते धुकं होतं, आणि पट्टीने विषयच पुसला होता. हिरव्या रंगाचंही तसंच. सॅच्युरेशन वाढवलं की आषाढातला डोंगर प्लॅस्टिकच्या गवतासारखा होतो. पावसातल्या हिरव्यात बराच करडा असतो, म्हणून तर तो गार वाटतो.

तांत्रिक बाब एकच सांगते, कारण तिने मला बरंच मोकळं केलं. साध्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या उजेड-अंधाराच्या २५६ पायऱ्या साठवता येतात. १२ बिटच्या रॉ फाइलमध्ये ४०९६. सावली उपसायची असेल तर या जादा पायऱ्यांमुळे तिथे दगड, गवत, वाट असं काहीतरी सापडतं. जेपेगमध्ये बऱ्याचदा नुसता चिखल हाती लागतो. तुमच्या फोनमध्ये रॉची सोय असेल तर महत्त्वाच्या फोटोसाठी ती चालू करा.

हे सगळं माझ्या अंगाशी खरं भिडलं ते चाळकेवाडीच्या फोटोमुळे.

माझं आजोळ साताऱ्याजवळ, त्या पठाराच्या पायथ्याला. जांभ्या दगडाचा हा सडा पावसानंतर फुलांनी भरतो आणि मे महिन्यात तो वाळक्या गवताचा, तांबूस आणि उघडा असतो. आणि सगळीकडे पवनचक्क्या. मी जशी मोठी झाले तशा त्या वाढत गेल्या. त्यांच्याशिवायचं पठार मला आठवतच नाही. मी आणलेला फोटो मे महिन्यातल्या सकाळचा होता : पुढे पिवळं गवत, मधोमध एक पुसट पाऊलवाट, उजव्या कडेला एक पवनचक्की, मागे दरी.

दहा मिनिटं मी गप्प. चौघांचे डोळे आधी पांढऱ्या पात्यावर गेले आणि तिथूनच उजवीकडे बाहेर पडले. वाट कुणालाच दिसली नव्हती. एका मित्राने फोन काढला, फोटोचा फोटो घेतला, इरेझरने पवनचक्कीवर बोट फिरवलं. सेकंदभरात ती गायब. मागे निळं, स्वच्छ आकाश. “बघ, आता कसं निवांत वाटतंय!”

खरंच वाटत होतं. आमच्यात तासभर वाद झाला. सुंदर करणं आणि खोटं करणं यांत फरक कुठे असतो? डॉजिंग चालतं तर इरेझर का नको? काका काहीच बोलले नाहीत. फक्त म्हणाले, “जिथला फोटो आहे तिथल्या माणसाला दाखव.”

मी दोन्ही फोटो छापून मामाकडे घेऊन गेले. मामाने उभी हयात त्या पठारावर काढलीय. लहानपणी तो तिथे गुरं राखायला जायचा. पवनचक्की नसलेला फोटो मी आधी त्याच्या हातात दिला. मला वाटलं, त्याला जुनं पठार आठवेल.

त्याने तो लांब धरला, जवळ धरला. “कुठली गं ही जागा?”

“आपलंच पठार की मामा.”

“न्हाई,” तो म्हणाला. “पवनचक्क्या नव्हत्या तवाचं पठार म्या बघितलंय. ते असं मोकळं नव्हतं. गुरं असायची सगळीकडं.”

मग मी दुसरा दाखवला. तो त्याने लगेच ओळखला. ती चक्की कुठल्या वाटेजवळची, तिथून खाली उतरलं की काय लागतं, हे सगळं तो सांगू लागला.

यंत्र पुसल्याने जुनं पठार परत आलं नव्हतं. कधीच नसलेलं एक तिसरंच पठार तयार झालं होतं. डॉजिंगमध्ये जे आहे तेच कमी-जास्त दिसतं. इरेझरने एका जागेचा पत्ताच बदलला होता. कुणी जाहिरातीसाठी, भिंतीवरच्या चित्रासाठी असं केलं तर माझं काही म्हणणं नाही. पण मला ज्याचा फोटो हवा होता ते मामाचं पठार होतं, गुरं गेलेलं आणि चक्क्या आलेलं.

तरी चौघांची साक्ष खोटी ठरत नव्हती. डोळा पात्यावरून बाहेर पडत होता, हे खरंच होतं. पुढच्या रविवारी आम्ही रॉ फाइल उघडून बसलो. काकांनी पुठ्ठ्याचे दोन काटकोन फोटोवर सरकवत उजवीकडची रिकामी पट्टी कापायला लावली, म्हणजे बाहेर पळायला जागा उरली नाही. पात्याचा पांढरा रंग किंचित खाली आणला, आकाशाची उजवी बाजू थोडी गडद केली. आणि गवतातल्या सावलीला जरा उजेड दिला. हळूहळू पाऊलवाट वर आली. ती गवतातून निघून वळत वळत पवनचक्कीच्या पायाशी जाते आणि तिथून दरीत उतरते, हे माझ्याही पहिल्यांदाच नीट लक्षात आलं. फोटोत एकही गोष्ट नवी आली नव्हती, एकही गेली नव्हती.

तो प्रिंट आता मामाच्या ओसरीवर, कॅलेंडरच्या शेजारी आहे. घरी आलेल्या पाहुण्यांना तो दाखवतो तेव्हा मी मागे उभी राहून त्याचं बोट बघत असते. ते पवनचक्कीपर्यंत जातं, पण नंतर. आधी ते गवतात टेकतं आणि वाटेवरून सरकू लागतं. “हितनं,” तो म्हणतो, “हितनं आमची गुरं जायची.”