कमी ऐकणारा माइक

आवाजासाठी पैसे मोजायची पाळी आमच्या निजामपुऱ्यात कुणावर येत नाही. तो इथं फुकट मिळतो, आणि चोवीस तास मिळतो. महानगरपालिकेच्या नावात भिवंडीच्या मांडीला मांडी लावून निजामपूर बसलेलं आहे, तसाच आमच्या घराच्या मागच्या भिंतीला खेटून एक मागांचा कारखाना बसलेला आहे. धोटा इकडून तिकडे जातो, ‘खटाक्’ होतं. तिकडून इकडे येतो, पुन्हा ‘खटाक्’. पाहुण्यांना पहिल्या रात्री आमच्याकडे झोप लागत नाही. आम्हांला उलट वीज गेली, माग थांबले, की दचकून जाग येते.

अशा घरात बसून मी गेल्या वर्षी ध्वनिमुद्रण करायला घेतलं. हे ऐकून आमचे एक स्नेही इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं.

झालं असं, की दोन घरं सोडून राहणारी एक मुलगी बारावीला होती. जन्मापासून तिला दिसत नाही. वडील मागावर कामाला. घरात पुस्तक वाचून दाखवील असं कुणी नाही. मी जन्मभर इतिहास शिकवला, म्हणून ती एके दिवशी धाकट्या भावाचा हात धरून आली आणि म्हणाली, “सर, फोन मला पुस्तक वाचून दाखवतो, पण नकाशा आला, चित्र आलं की गप्प बसतो. तुम्ही वाचून भरून द्याल का? चित्रात काय आहे तेसुद्धा सांगा.” तिची परीक्षा फेब्रुवारीत होती. लेखनिक मिळणार होता. पण लेखनिक लिहितो, आठवायचं काम ज्याचं त्यालाच करावं लागतं.

मला वाटलं, यात काय कठीण? फोन समोर ठेवला आणि पहिलं प्रकरण वाचून दिलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला : “सर, तुम्ही थांबलात की माग मोठा होतो.” मी ते स्वतः ऐकलं आणि थक्क झालो. मी बोलत असे तोवर माग मागे असत. पूर्णविरामाला श्वास घेतला रे घेतला, की ते अंगावर धावून येत. फोन हा फार आज्ञाधारक प्राणी आहे. जवळचा आवाज थांबला की त्याला वाटतं, आता काही हळू बोललं जात असेल, आणि तो आपले कान आपणहून ताणतो. आमच्या इथं कान ताणल्यावर ऐकू काय येणार?

मग मी पहिली चूक केली. तीन हजार रुपये देऊन एक देखणा कंडेन्सर माइक मागवला. कंडेन्सर म्हणजे आत एक अतिशय पातळ पडदा, त्याच्या मागे एक पत्रा आणि त्या दोघांमधला विजेचा भार. पडदा केसभर हलला तरी त्याला कळतं. स्टुडिओत हा राजा. आमच्या घरात तो चहाडखोर ठरला. मागांचं तर सोडाच, पण सौ.नं स्वयंपाकघरात दिलेली फोडणी युरोपातल्या प्रबोधनात जाऊन बसली. माइकमध्ये दोष काहीच नव्हता. तो फार चांगलं ऐकत होता, एवढंच!

जाणत्यांना विचारायला गेलो तर सगळ्यांनी एकच जात सांगितली : डायनॅमिक माइक. त्याची रचना साधी. पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते लोहचुंबकाजवळ हलतं. हललं की वीज निर्माण होते. ध्वनिवर्धकाचा कर्णा उलटा चालवावा, तसं हे यंत्र. पडद्याला वेटोळ्याचं ओझं असल्यामुळे तो कंडेन्सरपेक्षा आळशी असतो. त्यामुळे त्याच्या अगदी तोंडाशी जाऊन बोलावं लागतं, आणि लांबचं तो फारसं मनावर घेत नाही. पाठीमागून आलेलं तर आणखी कमी. म्हणजे कमी ऐकणं हाच त्याचा गुण. (त्या मुलीच्या वडिलांनाही मागांवर उभं राहून राहून कमी ऐकू येतं. तिथं नव्वद डेसिबलच्या वरचा आवाज असतो. ते घरी ओरडूनच बोलतात, आणि ती त्यांना तितक्याच मोठ्यानं उत्तर देते. त्याला मात्र कुणी गुण म्हणत नाही.)

जात एक सांगितली, तसं नावही एकच सांगितलं : अमेरिकेच्या शुअर कंपनीचा एसएम ५८. हा १९६६ सालापासून जसाच्या तसा चालत आला आहे आणि जगातल्या असंख्य गायकांच्या हातात दिसतो. त्याचा भाऊबंद एसएम ७ यानं तर १९८२ साली मायकेल जॅक्सनचा ‘थ्रिलर’मधला आवाज ध्वनिमुद्रित केला. त्याच घराण्यातला आजचा एसएम ७बी घ्यावा तर पेन्शनीचा महिना त्यात जातो. एसएम ५८ बिचारा त्या मानानं गरीब. नऊ-दहा हजारांतच भागतं! सौ. म्हणाली, “तुमचा गळा काय आहे ते मला छत्तीस वर्षं ठाऊक आहे.” यावर मी काय बोलणार?

म्हणून स्वस्ताचा शोध सुरू झाला. दुकानात पाचशे रुपयांपासून डायनॅमिक माइक असतात. पहिला घेतला तो जाड, एकाच टोकाच्या पिनेचा. त्यात माग कमी झाले. पण एक संथ गुणगुण सुरू झाली, जणू कुणी भुंगा डबीत कोंडला आहे. ती आसपासच्या मोटारींची आणि तारांची. असल्या वायरीत आवाज एका तारेनं जातो आणि वाटेतली वीज बरोबर घेऊन येतो. तीन पिनांच्या एक्सएलआर वायरीत तोच आवाज दोन तारांनी जातो, एकीत सुलटा, दुसरीत उलटा. शेवटी एकीतून दुसरी वजा करतात. आवाजाची बेरीज होते, आणि वाटेत दोघींवर सारखाच पडलेला कचरा वजा होतो. तेव्हा पैसे वाचवायचे तर नावात वाचवावेत, पिनांत वाचवू नयेत, हे मला पाचशे रुपये घालवून कळलं.

मग तीन पिनांचा अहुजा घेतला. हे नाव १९४० सालापासूनचं. गणपतीच्या मांडवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात याच अक्षरांसमोर उभा राहून मी ‘विद्यार्थी मित्रहो’ म्हणत आलो. दीड हजारांत काम झालं. माइक संगणकाला जोडणारी पेटी मात्र वेगळी घ्यावी लागली. तिचे चार हजार. हा खर्च तीन पिनांचा माइक महाग घ्या की स्वस्त, चुकत नाही, आणि तो आधी कुणी सांगत नाही.

तरी मनात शंका होतीच, आपण पोरीला दुय्यम माल देतो की काय! माझा एक जुना विद्यार्थी वाद्यवृंदात गातो. त्याचा एसएम ५८ एका दुपारपुरता मागून आणला. एकच उतारा तिन्ही माइकांवर वाचला, कोणता कोणता ते न सांगता तिला ऐकवला, आणि परीक्षेच्या निकालाला बसावं तसा बसलो.

“पहिल्यात फ्रिज चालू आहे,” ती म्हणाली. “दुसऱ्यात तुमचा आवाज गोल आहे. तिसऱ्यात ‘स’ जरा टोचतो. पण मी दीडपट वेगानं ऐकते, सर. गोलबिल काही राहत नाही त्यात.”

“मग कोणता घेऊ?”

“तुमच्याकडे रोज राहील तो.”

दुसरा एसएम ५८ होता. संध्याकाळी तो परत गेला.

एक गोष्ट मात्र महागाच्या बाजूनं कबूल केली पाहिजे. त्याच्या पोटात धक्के सोसण्याची सोय असते. स्वस्तात ती नावालाच. मागांचा ठोका जमिनीतून टेबलात, टेबलातून माइकात चढे. मी जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून माइक त्यांत टांगला. सौ.च्या भरतकामाच्या कड्यावर नायलॉनचं फडकं ताणून ते तोंडापुढं धरलं, म्हणजे ‘फ’ आणि ‘भ’ फुटत नाहीत. उरल्या भिंती. त्या झाकायला मागच्या कारखानदारानं कोऱ्या कापडाचे सहा तागे उसने दिले; कशाला हवेत ते दोनदा विचारलं, आणि तुमच्या मागांचा आवाज अडवायला, असं मी एकदाही सांगितलं नाही.

आणि अंतर! ओठांपासून माइक चार बोटं. हात-दीड हात लांब बसून जो आवाज जातो, त्याच्या निम्म्या अंतरावर तो दुप्पट होतो. माग मात्र होते तेवढेच राहतात. ही युक्ती फुकट आहे, म्हणूनच की काय, जाहिरातीत सापडत नाही. मला ती पाळायला महिना लागला. वर्गात चाळीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत ओरडलेल्या माणसानं हळू बोलायला शिकणं सोपं नसतं. तिनं मधेच एकदा कळवलंही, “सर, पान उलटताना सुस्कारा टाकू नका. मला वाटतं, धडा कठीण आहे.”

सात प्रकरणं अशी झाली. दिवाळी आली आणि कामगार गावी गेले, माग थांबले. निजामपुऱ्यात पहाटे चार वाजता कावळ्याच्या पंखांचा आवाज ऐकू येत होता. एवढी शांतता मग केव्हा मिळणार, म्हणून मी अंगाला तेल लावण्यापूर्वीच पुस्तक घेऊन बसलो. आठवा पाठ महायुद्धांचा. नकाशातले देश एकेक करून सांगितले, बोट कुठून कुठे न्यायचं तेही सांगितलं, आणि पहिल्या महायुद्धाला तोंड लागतं तोच खिडकीखाली कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला.

पुन्हा वाचायचा मला कंटाळा आला. तसाच पाठवून दिला.

दुपारी ती फराळाचं ताट घेऊन आली. ताट सौ.च्या हातात दिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “सर, तो बॉम्ब पुस्तकात आहे, की तुम्ही घातला?”