लांब पल्ल्याचा घोडा

ठाण्याचे आणि घोड्याचे नाते फार जुने आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने या बंदराविषयी लिहून ठेवले आहे की, येथील राजाने समुद्री चाच्यांशी एक करार केला होता. लुटीतील घोडे तेवढे राजाला द्यावयाचे, उरलेला माल चाच्यांनी खुशाल ठेवावयाचा. राजापाशी स्वतःचे घोडे नव्हते, आणि हिंदुस्थानकडे येणाऱ्या प्रत्येक गलबतावर इतर मालाबरोबर घोडे असतच. आज ठाण्यात काय किंवा कल्याण-डोंबिवलीत काय, घोडा दिसलाच तर तो लग्नाच्या वरातीत. तरीही घोड्यापायी खालावलेली घरे आमच्या परिचयाची आहेत.

आम्ही नवदीक्षित धर्मगुरू असतानाची गोष्ट. ठाण्यातील कारखाने एकामागून एक बंद पडत होते. स्वेच्छानिवृत्तीची रक्कम हाती आलेले काही गृहस्थ रविवारची पहिली मिस्सा आटोपून डोंबिवलीहून लोकल पकडीत आणि दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला जात. रक्कम आटत गेली तसतसे त्यांचे घरातले बोलणेही आटत गेले. त्यांच्याशी बोलावयाचे तर त्यांची भाषा यावयास हवी, म्हणून आम्ही शर्यतीचे पुस्तक वाचावयास शिकलो. एक पैसाही न लावता शिकलो, हे वाचकहो, येथेच नमूद करून ठेवतो. पुढे मात्र या अभ्यासाची आम्हाला गोडी लागली, ती आजतागायत आहे.

या मंडळींचा दरवर्षीचा एक ठरलेला प्रश्न असे : "फादर, डर्बी जिंकलेला घोडा लेजरही मारील काय?"

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. इंडियन डर्बी फेब्रुवारीत महालक्ष्मीला होते, अंतर २४०० मीटर. इंडियन सेंट लेजर सप्टेंबरात पुण्याला होते, अंतर २८०० मीटर. (नावात 'सेंट' असले तरी येथे कोणी संत नाही. १७७६ साली इंग्लंडमध्ये डॉनकास्टरला ही शर्यत सुरू झाली, आणि तिला अँथनी सेंट लेजर या लष्करी अधिकाऱ्याचे नाव मिळाले.) चारशे मीटर अधिक, म्हणजे धावत्या घोड्याची जेमतेम पंचवीस सेकंदे. पण ती पंचवीस सेकंदे अडीच मिनिटांच्या दौडीनंतर येतात, आणि सारा घोटाळा तेथेच आहे.

घोडा केवळ नाकाने श्वास घेतो, आणि भरधाव धावताना त्याचा श्वास पावलांशी जखडलेला असतो. एका झेपेला एकच श्वास, अधिक घेता येत नाही. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला तीस-चाळीस ठोके देणारे त्याचे हृदय शर्यतीत दोनशेच्याही वर जाते. प्लीहा आकुंचन पावून साठवणीतील रक्तपेशी रक्तात सोडते. इतके करूनही स्नायूंना प्राणवायू पुरेनासा होतो, तेव्हा वेगवान घोडा आणि लांब पल्ल्याचा घोडा यांतील भेद उघडा पडतो. २०१० साली डब्लिनच्या संशोधकांनी दाखवून दिले की, स्नायूंची वाढ आवरणाऱ्या एका जनुकातील फरकावरून घोडा कमी अंतराचा की लांब पल्ल्याचा याचा बराच अंदाज बांधता येतो. आपल्या रेसकोर्सवरचे जुने मोतद्दार हे काम नुसत्या नजरेने करीत आले आहेत.

अंतराचा हा खेळ समजून घेण्यासाठी आम्हाला १९४७ सालाइतके उत्तम उदाहरण दुसरे सापडलेले नाही. त्याचा नायक जन्माने परदेशी असला तरी नावाने आपल्यातलाच आहे. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनी इंग्लंडमध्ये एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनींना घेतले होते. तेवढ्या वयाच्या घोड्याला तोवर एवढी किंमत कधीच आली नव्हती. महाराजांनी त्याला आपल्या आजोबांचे नाव दिले : सयाजीराव.

त्या वर्षी १६०० मीटरच्या टू थाउजंड गिनीजमध्ये ट्यूडर मिन्स्ट्रेल आठ लांबीने जिंकला. सयाजीराव तिसरा आला. साऱ्या इंग्लंडने ठरवून टाकले की डर्बीही ट्यूडर मिन्स्ट्रेलचीच. तो हॉट फेव्हरिट म्हणून एप्समच्या २४०० मीटरवर उतरला आणि चौथा आला. पर्ल डायव्हर पहिला, मिगोली दुसरा, सयाजीराव पुन्हा तिसरा. सयाजीरावने त्यानंतर आयर्लंडची डर्बी जिंकली.

आता सप्टेंबरात डॉनकास्टरला उभे राहून आपण त्याची शक्यता तोलली असती तर काय दिसले असते? विरुद्ध बाजूला गिनीज आणि डर्बीतील दोन पराभव सरळ मांडावे लागले असते. बाजूने पाहू जाता, बाप नेआर्को चौदा शर्यतींत अजिंक्य राहिला होता, आणि त्यांतील शेवटची, १९३८ ची पॅरिसची ग्राँ प्री, ३००० मीटरची होती. सख्खा भाऊ दान्ते १९४५ चा डर्बीविजेता. पण आमच्या मते सर्वांत बोलका पुरावा निराळाच होता. अंतर आठशे मीटरनी वाढताच गिनीजचा विजेता ढेपाळला, आणि सयाजीराव त्याच्या पुढे निघून गेला. अंतर वाढल्यावर घोडा आपली जागा राखतो की सोडतो, हे जिंकण्या-हरण्याहून अधिक सांगून जाते.

स्वातंत्र्याला महिना होत असताना एडगर ब्रिट या ऑस्ट्रेलियन जॉकीने सयाजीरावला डॉनकास्टरला केवळ डोक्याच्या फरकाने जिंकून दिले. हरलेला आर्बार पुढच्याच वर्षी अॅस्कॉटच्या गोल्ड कपचा, म्हणजे सुमारे ४००० मीटरचा विजेता ठरला. तिसरा मिगोलीही काही ऐरागैरा नव्हता. तेव्हा ते डोकेभर अंतर नशिबाचे होते, असे निदान आम्ही तरी म्हणणार नाही.

पुण्याच्या लेजरला हीच कसोटी लावताना दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली जमीन. सप्टेंबरात पाऊस पुरता सरलेला नसतो. धावपट्टी किती मऊ आहे हे पेनेट्रोमीटरने मोजून आकडा जाहीर केला जातो, आणि मऊ जमिनीवरचे २८०० मीटर कोरड्या जमिनीवरच्यापेक्षा पायांना लांब पडतात. दुसरी चाल. घोडे थोडे असले आणि कोणी पुढे निघण्यास धजत नसला, तर जॉकी सुरुवातीला रमतगमत चालवितात. मग ती लांब पल्ल्याची शर्यत उरतच नाही. शेवटच्या सहाशे मीटरची धाव होते, आणि वेगवान घोडा अलगद सुटतो. आम्ही तर प्रथम हेच पाहतो की, पुढे राहून चाल लावणारा कोणी आहे काय. वजनाचा प्रश्न येथे फारसा नाही. नर घोड्यांना सारखेच वजन असते, घोडीला थोडी सवलत. हँडिकॅपमध्ये मात्र वजन राज्य करते. फार लॅपने १९३० चा मेलबर्न कप साडेबासष्ट किलो घेऊन जिंकला. पुढच्या वर्षी त्याच्यावर अडुसष्ट किलो लादले, तेव्हा तो आठवा आला.

हे सारे ज्ञान आहे यात शंका नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानेही घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असा निर्वाळा दिला, आणि आमचे रेसप्रेमी भाविक तो निकाल वेदवाक्यासारखा ऐकवितात. आमचे त्यांना एवढेच सांगणे असते की कौशल्य घोडा ओळखण्याचे आहे, पैशाचा हिशेब स्वतंत्र आहे. गेल्या खेपेस एका ज्येष्ठ धर्मग्रामस्थाला आम्ही तो रविवारच्या पत्रकाच्या पाठीमागे मांडून दाखविला. घोड्याची शक्यता चारात एक, भाव तिनास एक. चार वेळा शंभर रुपये लावले, तीनदा गेले, एकदा मूळ शंभरासह चारशे परत आले. झाली बरोबरी, आणि तीही तुमचा अंदाज अचूक असेल तर. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर चाळीस टक्के जीएसटी आहे. हिशेबाच्या सोयीसाठी तो वेगळा धरला, तर चार पैजांचे एकशे साठ रुपये. अचूक माणसाचे हे, मग चुकणाऱ्याचे काय?

त्यांनी चष्मा लावून दोनदा बेरीज तपासली. ती बरोबर होती. पत्रकाची घडी करून खिशात ठेवीत ते म्हणाले, "खरं आहे, फादर." मग दाराशी थांबले. "पण समजा, आदल्या रात्री पुण्याला पाऊस झाला, तर?"