एका खुर्चीपुरता आवाज

वर्ध्यातल्या आमच्या घरात मे महिन्यात दोन गोष्टी एकत्र चालत नाहीत: कूलर आणि बाबांचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर. बाहेर पारा ४५च्या वर, आणि घरात चार ईएल-८४ व्हॉल्व्ह लालसर पेटलेले. त्यातल्या एकेकाचा नुसता हीटर जवळजवळ ५ वॉट खातो. वर प्लेटची उष्णता वेगळी, ती १२ वॉटपर्यंत जाते. म्हणजे गाणं लागायच्या आधीच खोलीत साठेक वॉटची शेगडी सुरू. कूलर लावला तर गाणं ऐकू येत नाही, बंद केला तर माणूस बसू शकत नाही. म्हणून आमच्याकडे गाण्याचा सीझन असायचा, गणपतीपासून होळीपर्यंत.

मागच्या दोन वर्षांत बाबांनी सीझनमध्येही गाणं लावणं कमी केलं. विचारलं तर म्हणाले, “शब्द समजूनच नाही राहिले बाप्पा.”

बाबा ७४ वर्षांचे आहेत. वय वाढतं तसे कानातून आधी वरचे, बारीक आवाज जातात. ‘अ’, ‘ओ’ असे स्वर खालच्या पट्टीत असतात, ते शाबूत राहतात. स, श, त, क ही व्यंजनं वरच्या पट्टीत, ती पुसट होतात. आवाज येतो, शब्द येत नाही. मग माणूस व्हॉल्यूम वाढवतो, आणि त्यानं उलटंच होतं. खालचा घुमारा वाढतो आणि उरलीसुरली व्यंजनंही झाकून टाकतो. अभंगात पखवाज आणि डग्गा ऐकू येतो, तुकोबा काय म्हणतात ते नाही.

हा अँप्लिफायर १९७८ साली नागपूरच्या एका रेडिओ मेकॅनिकनं बाबांना जोडून दिला होता. व्हॉल्व्ह बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. तेव्हा आम्ही जुन्या घरात राहायचो, म्हणजे बाबा राहायचे, मी नव्हतोच. मातीच्या भिंती, वर कवेलू. बाबा ज्या आवाजाची आठवण काढतात तो त्या घरातला. १९९६ला ते घर पाडून स्लॅबचं बांधलं. अँप तोच, स्पीकर तेच, कॅसेटीही त्याच. बदललं ते फक्त घर. आणि आवाज बदलला हे बाबांना जाणवत होतं, पण त्याचं खापर ते म्हाताऱ्या झालेल्या व्हॉल्व्हवर फोडत होते.

नवा अँप आणायचा विचार माझा. तळहातावर मावेल एवढा, क्लास-डी. लोक त्याला डिजिटल म्हणतात, पण त्यातला ‘डी’ म्हणजे डिजिटल नव्हे. ए, बी, सी झाले म्हणून पुढचा डी. त्याचे ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद होतात, अर्धवट अवस्थेत थांबत नाहीत, म्हणून उष्णता फार थोडी. खरा डिजिटल भाग त्याच्या आधी बसतो: खोलीचा दोष मोजून तो वजा करणारा प्रोसेसर.

मोजणीचा मायक्रोफोन बाबांच्या खुर्चीत, त्यांच्या कानाच्या उंचीवर स्टँडला लावला. स्पीकरमधून २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारी शिट्टी वाजवली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. “काय लावून राहिला रे हे? कुत्रं रडल्यावानी.” बाबा दारात उभे राहून बघत होते, आपल्या खुर्चीत दुसरंच कुणी बसल्यासारखे.

आलेखात ५७ हर्ट्झवर एक टेकडी उभी होती, आजूबाजूपेक्षा ११ डेसिबल उंच. हिशेब सोपा निघाला. आमची खोली दहा बाय पंधरा फूट, आणि उंचीही दहा फूट. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. जाऊन-येऊन ६.१ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४६ मीटर धरला तर भागाकार येतो ५७. रुंदी आणि उंची सारखीच, म्हणून समोरासमोरच्या भिंती आणि फरशी-स्लॅब अशा दोन्ही जोड्या एकाच सुरात घुमत होत्या. उन्हाळ्यात हवा तापते, ध्वनीचा वेग वाढतो, तेव्हा हीच टेकडी हर्ट्झभर वर सरकते. म्हणजे आमच्या घराला एक सूर आहे, आणि वर्ध्याच्या उन्हात तो किंचित चढतो.

मातीची भिंत आणि कवेलू हा घुमारा धरून ठेवत नाहीत. कवेलूंच्या फटींतून तो निघून जातो. काँक्रीट त्याला परत पाठवतं. भिंतीच नसतील तर काय होतं हे ऐकायचं असेल, तर संध्याकाळी सेवाग्रामला जा. १९३६ साली गांधीजी तिथं राहायला आले. माती-बांबूच्या कुट्यांसमोर उघडं मैदान आहे, तिथं आजही प्रार्थना होते. आवाज तोंडातून निघतो, कानाशी येतो आणि पुढं निघून जातो. मागं काही उरत नाही. शब्द कसे सुटे सुटे येतात!

प्रोसेसरनं ती टेकडी कापली. पण सगळं त्याला जमत नाही. ७६ हर्ट्झच्या आसपास एक खड्डा होता. तिथं परत आलेली लाट मूळ लाटेलाच खाऊन टाकत होती. अशा खड्ड्यात कितीही वीज ओता, तो भरत नाही. त्यावर उपाय एकच: खुर्ची दीड फूट पुढं घेतली आणि पुन्हा मोजलं.

मग भीमसेन जोशींचे अभंग लावले. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. कूलर मंद चालू होता, मे महिना होता. एक कॅसेटची बाजू संपली तेव्हा म्हणाले, “आता शब्द सुटे सुटे येऊन राहिले.” थोड्या वेळानं म्हणाले, “पण पोट नाही याले.”

ते बरोबर बोलत होते. व्हॉल्व्हच्या अँपची ऊब निव्वळ कल्पना नसते. त्याची स्पीकरवरची पकड सैल असते, त्यामुळं खालचे सूर थोडे फुगतात. शिवाय मूळ सुरासोबत त्याच्या दुप्पट वारंवारतेचा एक हलका सूर तो स्वतः घालतो, आणि तो कानाला गोड लागतो. मी फोनवर खालची पट्टी ४ डेसिबलनं उचलली. बाबा म्हणाले, “हं, असं.” दुरुस्त आवाज म्हणजे काय, हे यंत्र ठरवत नाही. आलेख सपाट करणं त्याचं काम. कुठपर्यंत सपाट, हे ऐकणाऱ्याचं.

हिशेबातून सुटली होती ती आई. चाळीस वर्षं तिनं सगळं गाणं ओट्याजवळ उभं राहूनच ऐकलंय. मोजणी खुर्चीची झाली, तिच्या जागेची कुणी केली नव्हती. नवा आवाज तिच्यापर्यंत बारीक होऊन पोचत होता. तिनं तक्रार केली नाही. फक्त एकदा विचारलं, “आजकाल गाणं कमी आवाजात लावता का?”

दुसऱ्या दिवशी मायक्रोफोन ओट्याजवळ उभा केला. मग दारात, दिवाणावर, खिडकीपाशी. आता फोनमध्ये तीन सेटिंग आहेत: ‘बाबा’, ‘आई’ आणि ‘सगळे’. तिसरं सगळ्या जागांची सरासरी आहे. ते कुणासाठीच सर्वांत चांगलं नाही आणि कुणासाठीच वाईट नाही. दुपारी एकटे असले की बाबा आपलं लावतात. संध्याकाळी सैपाकाच्या वेळी ‘आई’ कोण लावतं, ते मी विचारत नाही.

जुना अँप कपाटात आहे, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. पडून राहिला तर त्यातले कपॅसिटर खराब होतात, म्हणून बाबा महिन्यातून एकदा त्याला तासभर चालू करतात. स्पीकर जोडून, अगदी हळू आवाजात. तेव्हा ते शब्द ऐकत नसतात.